कुणी आणि कशामुळं

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याला नर्सा हव्या होत्या आणि मला नोकरी. नांदेडला ट्रेनिंग संपवून मी हदगावला घरी बसले होते. ऑर्डर आली ती शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका गावाची. ते गाव कुठं आहे हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी शाळेतला नकाशा आणून जमिनीवर पसरला. त्या नकाशात लातूर जिल्हाच नव्हता. नकाशा जुना होता.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या घरानं छप्पन सालीच देव सोडले, त्यामुळं मी देव नसलेल्या घरातच जन्मले. लहानपणी मी विचारलं होतं, हे सगळं कुणी केलं? वडील म्हणाले, "कुणी असं विचारायचं नाही. कशामुळं, असं विचारायचं. कुणी विचारलं की माणूस हात जोडतो. कशामुळं विचारलं की कामाला लागतो." मला ते पटलं. नर्सिंगमध्ये तर फारच उपयोगी पडलं. ताप कुणी दिला हे विचारून काही होत नाही.

उपकेंद्र म्हणजे गावाबाहेरची एक खोली, तिच्यामागं माझी राहायची खोली. समोर काळी जमीन, भेगा पडलेली. लागोपाठ दोन वर्षं पाऊस बुडालेला होता. रजिस्टरांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं. ते प्रत्येक पानावर पेनानं खोडून वर लातूर लिहायचं, हे माझं सकाळचं पहिलं काम. दहा वाजेपर्यंत बायका येऊन जात. त्यानंतर सगळा गाव दुष्काळी कामावर. मग दिवसभर दारासमोरून एक कुत्रं गेलं तरी मी त्याच्याकडं बघत बसायची.

एकटेपणाबद्दल मी तक्रार करत नाही, जे होतं ते सांगते. आठवडा आठवडा माझं बोलणं म्हणजे "जीभ दाखव", "दंड मोकळा कर" आणि "उद्या ये" एवढंच असायचं. सणावाराला गावातल्या बायका देवळात जात. देव सोडलेल्या वस्तीतल्या बायका एकमेकींच्या ओसरीत बसत. मी वस्तीच्याच समाजाची, पण सरकारी, हदगावकडची, आणि बिनलग्नाची. मी "हो"ला "हाव" म्हटलं की पोरी हसायच्या. वडिलांच्या त्या वाक्यात एक गोष्ट नव्हती, ती मला तिथं कळली. कुणीच नाही, हे चारचौघांत म्हणायला सोपं असतं. रिकाम्या खोलीत ते वाक्य जरा मोठं ऐकू येतं.

रोज येणारी एकच बाई होती. पन्नाशीची, वस्तीतली, मी तिला मावशी म्हणायची. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. गुडघे गेले म्हणून ती कामावर जात नव्हती. दुपारी यायची, उंबऱ्याला टेकून बसायची आणि विचारायची. गोळी पोटात गेल्यावर तिला डोकं कुठं हाय हे कसं कळतं? सूर्य जळून राहिला तर सरपण कोण घालतं? आणि फिरून फिरून एकच. हे सगळं कुणी केलं?

"कुणी नाही केलं," मी म्हणायची. "झालं."

"आसंच?"

"असंच. कशामुळं तरी झालं."

"येडी का काय? मडकं हाय तर कुंभार हाय की."

"मग कुंभार कुणी केला?"

"त्येच्या मायनं."

"आणि तिला?"

"तिच्या मायनं." मग तिनं बोटावर मोजायला घेतलं. "आसं मागं मागं गेलं तर कुटं तरी येक माय आसंल का न्हाई, जिला माय न्हाई?"

मी म्हणाले, नसेल. मागं मागंच जात असेल, शेवट नसेल.

"मंग दमत न्हाई का त्ये जाऊन जाऊन?"

मी सुया उकळायला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ती नवा मुद्दा घेऊन आली. जिल्हा. "जिल्ल्यासारखा जिल्ला बी कुणी केल्याबगर हुईना. किती वरसं झाली, मोर्चे निगाले, साहेब लोक आले, मंग झाला. आन् येवढं जग म्हनं आपोआप!"

"मावशी, जमीन आधीपासून होतीच. तिच्यावर रेघ मारली फक्त."

"रेग मारनारा तरी हाय की."

मला हसू आलं आणि रागही आला. सहावीपर्यंतसुद्धा न शिकलेली बाई मला दर दुपारी अडवत होती. पण खरं सांगायचं तर त्या गावात मी दुपारची वाट बघायला लागले ते तिच्यामुळं.

ती इतकं का विचारते हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, रिकामी बाई आहे, डोकं चालतंय. माणसाला कळून घ्यायची हौस असते, तशी हिलाही आहे.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीचा तळ दिसला. रोजगार हमीतून गाळ काढायचं काम निघालं. पुरुष खाली उतरून टोपल्या भरत, बायका वर ओढत. चौथ्या का पाचव्या दिवशी गाळाच्या टोपलीतून टाक निघाले. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायच्या देवांच्या छोट्या पत्र्या, ठोकून चेहरा उठवलेल्या. एक निघाला, मग आणखी एक, असे सहा. वस्तीनं देव सोडले तेव्हा घराघरांतून आणून याच विहिरीत टाकले होते. नंतर तेच पाणी सगळे प्यायले. पाणी होतं तोवर कुणाला आठवण नव्हती.

बातमी पळत गावात गेली. वरच्या आळीतला एक म्हातारा काठी टेकत आला आणि काठावरून म्हणाला, "आता कळलं का पानी कामून आटलं? देव गाळात घातले तुमी. शांती करा."

वस्तीतला एक तरणा वर चिखलानं भरलेला उभा होता. तो म्हणाला, "बाबा, तुमची बी हीर आटली की. तुमी कुनाला घातलं गाळात?"

सगळे हसले. पण जुन्या बाया हसल्या नाहीत. कुणी म्हणालं मोडीत घाला, कुणी म्हणालं पुन्हा आत टाका, कुणी म्हणालं हात लावू नका. कामावरचा मुकादम वैतागला. "माझं काम बंद पडून राहिलंय. द्या त्या नर्सबाईकडं. सरकारी मानूस हाय." म्हणून ते सहा देव माझ्याकडं आले. मी ते धुतले, पट्टीच्या कापडात गुंडाळले आणि लसीच्या रिकाम्या डब्यात ठेवले. दुसरा धड डबा नव्हता.

त्या दुपारी मावशी आली ती उंबऱ्यावर बसली नाही. आत आली.

"डबा दाव."

मी दाखवला. तिनं एकेक उचलून पाहिला. घोड्यावर बसलेला एक देव होता, त्याचा खालचा कोपरा तुटलेला. तो तिनं पुढं ठेवला नाही, हातातच धरला.

"ह्यो आमचा. सासू आंगठ्यानं पुसायची हितं, म्हनून नाक झिजलंय."

मग तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी दोन वर्षं तिच्या घरानं देव सोडले. सासूचा विरोध होता. नवरा टाक घेऊन विहिरीवर गेला खरा, पण काठावर त्याचा हात उठेना. तो बायकोला म्हणाला, "तू टाक." तिनं टाकला. सासू घरातून ओरडली, "तुज्या हातानं बुडवलास, तुज्याच पदरात पडंल." मग दुष्काळ पडला. तिचं दोन वर्षांचं लेकरू, मुलगा, त्या दुष्काळात गेलं. सासू मरेपर्यंत रोज एकदा तरी म्हणायची, पडलं का पदरात?

"आता खरं सांग," मावशी म्हणाली. "हासन्यावारी नगं. कुनी हाय का न्हाई? आसंल तर त्यानं माजं लेकरू नेलं, मी ह्याला बुडवलं म्हनून. नसंल तर म्या न्हाई काई केलं. मला येवढंच पायजे."

तेव्हा मला कळलं की ती वर्षभर कुंभार, मडकं, जिल्हा, सूर्य यांच्याबद्दल विचारतच नव्हती.

मी बावीस वर्षांची होते आणि मला उत्तर येत होतं. याहून धोक्याची गोष्ट नाही. मला खरोखर तिला सोडवायचं होतं. मी विचारलं, "काय झालं होतं लेकराला?"

"जुलाब. तीन दिस."

मला हायसं वाटलं. जुलाब माझा विषय होता. आम्हाला बायकांना समजावायची एक पद्धत शिकवली होती. बुडाला भोक असलेला डबा घ्यायचा, त्यात पाणी ओतायचं. खालून गळतं. ओतत राहिलं तर डबा भरलेला राहतो, थांबलं की रिकामा. मी तो डबा काढला आणि माझ्या घागरीतलं अर्धा तांब्या पाणी ओतलं.

"पानी कामून सांडून राहिली?" ती दचकून म्हणाली.

"बघ तू. हे लेकरू. हे जुलाब. जेवढं खालून जातंय तेवढं वरून घालायचं. पाणी, चिमूटभर मीठ, मूठभर साखर. देव नाही, कोप नाही. अंगातलं पाणी संपलं म्हणून गेलं ते. कुणी नेलं नाही, मावशी. कारण आहे, आणि ते हे आहे."

डब्यातून शेवटचे थेंब पडले. जमिनीनं ते लगेच ओढून घेतले. ती डब्याकडं बघत होती.

"मंजी पानी द्यायचं हुतं?"

"हो. भरपूर."

"आमाला सगळ्यांनी सांगितलं, जुलाबात पानी बंद. पानी दिलं की आनखी हुतंय." तिनं टाक लसीच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. "त्ये मागत हुतं. तीन दिस मागत हुतं. घरात पानी हुतं, लेकी. लांबून आनलेलं, पन हुतं. म्या घागर आडव्या भितीआड ठिवली, त्याला दिसू ने म्हनून."

मी भोकाचा डबा उचलून मागं ठेवला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला येवढं ठावं हुतं, तर तू तवा कुटं हुतीस?"

"मी चौथीत होते."

"मंग कुनाला ठावं हुतं तवा?"

"कुणाला तरी असेल. इथं नव्हतं."

ती उठली आणि गेली. गुडघे धरून, हळूहळू. मी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. दुपार पुन्हा पहिल्यासारखी झाली, फक्त जास्त लांब. मी रजिस्टरं पूर्ण केली, सगळ्या सुया उकळल्या, खिडकीच्या गजांवरचा गंज खरवडून काढला. एक दिवस तिच्या शेजारची पोर आली. "मावशीनं त्यो घोड्यावरचा मागितलाय." मी दिला. संध्याकाळी वस्तीत कुजबुज सुरू झाली की मावशीनं देव परत घरात घेतला.

मी वडिलांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, भोकाचा डबासुद्धा. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वडिलांनी लिहिलं होतं, तू बरोबर सांगितलंस, कारण सांगणं हे आपलं कर्तव्य आहे, पाणी उकळून पीत जा. मी ते कार्ड दोनदा वाचलं. चूक शोधून सापडत नव्हती. ते कार्ड हातात घेऊन बसले होते तेवढी एकटी मी त्या गावात पूर्वी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

त्या दिवसांत मी तोच प्रश्न उलट्या बाजूनं पाहायला लागले. जगाला कर्ता लागतो का? जगाला लागत नाही, हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. ढग, दगड, जुलाब, पाऊस, सगळं एकमेकांमुळं होत जातं, मध्ये कुणी उभं असावं लागत नाही. पण "कशामुळं" हा प्रश्न सरकारी गाडीसारखा असतो. तो मागं मागं जाताना आभाळाकडंच जाईल असं नाही. वाटेत एखाद्या घराच्या दारात थांबतो, आणि तिथली बाई दार उघडते. माझ्या वडिलांनी मला हे सांगितलं नव्हतं. त्यांच्या वर्गातल्या फळ्यावर ते दार नव्हतं.

आणि माणसाला कळून घ्यायचं का असतं, हेही मी तेव्हा चुकीचं समजत होते. हौस म्हणून क्वचित. बहुतेक वेळा माणूस एका विशिष्ट दिवसाबद्दल विचारत असतो. आभाळाचं नाव घेतो, कारण त्या दिवसाचं नाव घेता येत नाही.

तीन आठवड्यांनी वस्तीतल्या एका बाळंतिणीला बघायला गेले. ती मावशीच्या भिंतीपलीकडं राहायची. काम झालं. मी दारात दोन मिनिटं उभी राहिले, मग मावशीच्या घरात शिरले. ती लसूण सोलत होती. वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. म्हणाली नाही की ये, म्हणाली नाही की जा.

कोनाड्यात टाक होता. हळद नव्हती, कुंकू नव्हतं, दिवा नव्हता. देवाचं तोंड भिंतीकडं केलेलं होतं.

"पूजा नाही का करत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ तशीच आहे.

"पूजा? ह्येची?" ती म्हणाली. "ह्येला भांडाया आनलाय."

"भांडायला?"

"सकाळी उटलं की दोन शिव्या देते. तू सांगितलंस त्ये कळलंय मला. येडी न्हाई म्या. कुनी न्हाई त्ये कळलं. पन सगळंच्या सगळं माज्या येकटीवर घिऊन दिस निगत न्हाई, लेकी. थोडं ह्येच्यावर घालते."

तो पितळेचा पत्रा आहे, हे माझ्या ओठावर आलं होतं. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिनंच तो बुडवला होता.

मी भिंतीला टेकून बसले. तिच्या सुपात लसणाची फोलपटं उडत होती. तिनं एक पाकळी सोलली, दुसरी घेतली, ती तशीच हातात राहिली.

"येक सांग. पानी दिलं आसतं तर जगलं आसतं का? खात्रीनं?"

उत्तर माझ्याकडं होतं, तोंडपाठ होतं. बहुतेक जुलाब पाण्यानंच आवरतात. पण त्या दुष्काळात लोक कुठलं पाणी पीत होते ते मला माहीत नव्हतं. तिच्या भिंतीआडच्या घागरीत काय होतं ते माहीत नव्हतं. ते साधे जुलाब होते की पटकी होती, लेकरू आधीच किती वाळलेलं होतं, दूध मिळत होतं का, काहीच माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी मी यातलं काही विचारलं नव्हतं. मी सरळ डबा काढला होता.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणाले.

"तुला बी?"

"मला बी. जगलं असतं, कदाचित नसतंही. त्या साली पाणी देऊनही पुष्कळ गेली. तेव्हाचं आता कुणालाच सांगता येणार नाही."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी खोटं बोलते का, हे पाहत असावी. मी खोटं बोलत नव्हते. पण ते खरं होतं म्हणून बोलले, की तिला लागत होतं म्हणून बोलले, हे मी आजपर्यंत नक्की सांगू शकत नाही. पुढं इस्लापूरला बदली झाली, आणखी चार ठिकाणी झाली, शेकडो आयांना शेकडो कारणं सांगितली. प्रत्येक वेळी सांगण्याआधी मी आता विचारते, आणि विचारून झाल्यावर पुष्कळदा माझ्याकडं सांगण्यासारखं कमीच उरतं.

तिनं सूप पुढं सरकवलं.

"बसलीच हायेस तर हात लाव," ती म्हणाली.

मी लसूण सोलायला घेतला.